पहिली जुनी हॉट हॅच: पोलो जीटी की अबार्थ पुंटो, आणि विसार देण्याआधी काय तपासायचं

पहिल्यांदाच हॉट हॅच, म्हणजे छोट्या आकाराची पण पळणारी गाडी, घ्यायची आहे आणि नव्या गाडीचा हप्ता झेपणारा नाही, अशा माणसाच्या मोबाइलमध्ये दोन गाड्यांचे फोटो हमखास असतात. एक चाकणच्या कारखान्यातून निघालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, दुसरी रांजणगावच्या कारखान्यातली, फियाटची अबार्थ पुंटो. दोन्ही आता नव्या मिळत नाहीत. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पुंटो त्याच्याही आधी बंद झाली. म्हणजे जी मिळेल ती कुणीतरी वापरलेली, आणि अशा गाड्या घेणारे लोक त्या हळू चालवायला घेत नाहीत. त्यामुळे इथे मॉडेलपेक्षा तुमच्या समोर उभी असलेली ती एक गाडी महत्त्वाची. दुर्लक्षित अबार्थपेक्षा नीट ठेवलेली साधी पोलो जास्त सुख देते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

आधी पैशांचं बोलू, कारण नव्या घेणाऱ्याची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. हातात ६ लाख असतील तर ६ लाखांची गाडी बघायची नाही. गाडीसाठी फार तर पावणेपाच लाख धरा. ट्रान्सफर आणि इन्शुरन्स यांना ३५-४० हजार बाजूला काढा. उरलेली रक्कम पहिल्या तीन महिन्यांच्या कामांसाठी. जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतल्याबरोबर तेलं, फिल्टर, प्लग, ब्रेक, बहुतेक वेळा टायर आणि शॉकअप्सरची वरची माउंटिंग एवढं निघतंच. १६ इंची चार चांगले टायर घेतले तरी ३० हजारांच्या आसपास जातात. ही रक्कम बाजूला नसेल तर माणूस वर्षभर ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणत राहतो, आणि टर्बोची गाडी तेवढा वेळ देत नाही.

कोणती गाडी

पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ एनएम टॉर्क (ओढण्याचा जोर), आणि सोबत फक्त सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शून्य ते शंभर ९.७ सेकंदांत, असा कंपनीचा दावा होता. २०२० मध्ये बीएस-६ प्रदूषण नियम आले तेव्हा हे इंजिन गेलं. त्याच्या जागी तीन सिलिंडरचं १.० टीएसआय आलं, ११० पीएस आणि तेवढाच १७५ एनएम टॉर्क. जीटीला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक मिळाला, आणि जीटी नसलेल्या पोलोंमध्ये हेच इंजिन सहा गिअरच्या मॅन्युअलसोबत मिळू लागलं.

अबार्थ पुंटो ऑक्टोबर २०१५ मध्ये आली, दिल्ली एक्स-शोरूम ९.९५ लाखांना. १.४ टी-जेट टर्बो पेट्रोल, १४५ बीएचपी, २१२ एनएम, पाच गिअरचं मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क ब्रेक. कंपनीचा आकडा ८.८ सेकंदांचा. त्या किमतीत एवढी ताकद त्या वेळी दुसरं कुणी देत नव्हतं. हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून रस्ता हातात जसा जाणवतो तसा आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाड्यांत क्वचितच जाणवतो.

माझं मत स्पष्ट आहे. घरात एकच गाडी असणार आणि तीच रोज ऑफिसला जाणार असेल, तर २०२० ते २०२२ मधली १.० टीएसआय मॅन्युअल पोलो घ्या. घरात रोजची दुसरी गाडी असेल, भरवशाचा मेकॅनिक माहीत असेल आणि पार्टसाठी महिनाभर थांबायची तयारी असेल, तर अबार्थ घ्या. तिच्यासारखी गाडी पुन्हा येणार नाही. १.२ टीएसआय डीएसजी मात्र गिअरबॉक्सची बिलं फाइलमध्ये असतील तरच. डिझेल चालत असेल तर पोलो जीटी टीडीआय हा समंजस पर्याय आहे. २५० एनएम, पाच गिअरचं मॅन्युअल, डीएसजीची धास्ती नाही.

मारुतीची बलेनो आरएस (१.० बूस्टरजेट, १०२ पीएस, १५० एनएम, २०१७ ते २०२० च्या सुरुवातीपर्यंत) कमी खर्चात सांभाळता येते. तिच्यात थरार कमी असला तरी सस्पेन्शन, क्लच, बॉडीपार्ट हे सगळं गल्लीतल्या दुकानात मिळतं, ही मोठी गोष्ट आहे. स्कोडा ऑक्टाव्हियाच्या मोहात पहिल्याच वेळी पडू नका. १८० पीएसची १.८ टीएसआय आज हॅचबॅकच्या भावात दिसते, पण बिलं वीस लाखांच्या गाडीची येतात. शिवाय तिच्यात पोलोचाच कोरड्या क्लचचा डीएसजी आहे. त्याची टॉर्क झेलण्याची मर्यादा २५० एनएम, आणि इंजिन मुळातच २५० एनएम देतं.

नावावरून फसगत होते म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. साध्या पोलोला ‘जीटी’चा बिल्ला आणि साध्या पुंटोला अबार्थच्या विंचवाचे स्टिकर लावलेल्या गाड्या बाजारात फिरतात. पोलोच्या आरसीवर सीसी बघा: १.२ टीएसआय ११९७ सीसी, साधं तीन सिलिंडरचं १.२ मात्र ११९८. एका सीसीचा फरक, पण पुरेसा. १.० च्या बाबतीत ही खूण चालत नाही, टर्बो आणि बिगरटर्बो दोन्ही ९९९ सीसी. पुंटोचंही तसंच. साधं १.४ पेट्रोल आणि टी-जेट दोन्ही १३६८ सीसी. तिथे आरसीवरचं मॉडेलचं नाव वाचा, बोनेट उघडून टर्बो आणि इंटरकूलरचे पाइप बघा, मागच्या चाकांना डिस्क आहेत का ते बघा. अव्हेंचुरा अबार्थ नावाचं १४० बीएचपीचं उंच भावंडही आहे. खराब रस्त्याच्या गावी राहणाऱ्याने ती जरूर शोधावी, कारण अबार्थ पुंटोचा ग्राउंड क्लिअरन्स फक्त १५५ मिमी आहे आणि चार माणसं बसली की गतिरोधक तिरका घ्यावा लागतो.

डीएसजी नेमका का बिघडतो

१.२ टीएसआयमधल्या डीएसजीला डीक्यू २०० म्हणतात. त्यात दोन कोरडे क्लच आहेत. एक क्लच १, ३, ५, ७ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. तेलात बुडालेले नसल्यामुळे क्लचची उष्णता हवेलाच सोडावी लागते. हिंजवडीच्या किंवा ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये माणूस ब्रेक अर्धवट दाबून गाडी सरकवत राहतो. तेव्हा पहिल्या गिअरचा क्लच सतत घसरत असतो, तापतो, त्याच्या पृष्ठभागावर चकाकी चढते. मग पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडी थरथरते. क्लच पॅक बदलायचा खर्च लाखाच्या घरात जातो.

दुसरा बिघाड मेकॅट्रॉनिकचा. गिअर टाकणारं हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक असं ते एकत्रित युनिट. त्यात दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर असतो, आणि तो जिथे बसतो तिथल्या ॲल्युमिनिअमच्या घराला तडा गेला की तेल गळून दाब पडतो. मीटरवर गिअरची अक्षरं लुकलुकू लागतात, सम किंवा विषम गिअर गायब होतात, किंवा गाडी जागची हलत नाही. पूर्ण युनिट बदललं तर लाखाच्या बरंच पुढे जातं. फक्त घर आणि ॲक्युम्युलेटर बदलून देणारे स्वतंत्र कारागीर आता मोठ्या शहरांत आहेत आणि त्यांचा खर्च बराच कमी असतो. बघायला जाण्याआधीच आपल्या शहरात असा कारागीर आहे का ते विचारून ठेवा.

डीएसजीची चाचणी थंड गाडीवर घेतली तर काही कळत नाही. आधी अर्धा तास ट्रॅफिकमधून चालवा. मग सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर न देता फक्त ब्रेक सोडून गाडी सरकू द्या, असं दहा वेळा. प्रत्येक वेळी तिने एकसारखं, न थरथरता निघायला हवं. मग थोड्या चढावर रिव्हर्स टाकून हळू मागे घ्या, कारण रिव्हर्स दुसऱ्या क्लचवर असतो आणि पहिल्याने लपवलेलं दुसरा सांगतो. शेवटी मॅन्युअल मोडमध्ये एकेक गिअर वर आणि खाली. सातावरून खाली येताना तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरला ‘टक्’ असा धक्का बसत असेल तर त्या गाडीचा नाद सोडा. नाहीतर किमतीतून क्लचचे पूर्ण पैसे वजा करून घ्या, ‘थोडे कमी’ नाही.

याच १.२ इंजिनाला टायमिंग चेन आहे. रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद डबीत खिळे हलवल्यासारखा आवाज आला तर चेन ताणली आहे किंवा टेन्शनर दाब धरत नाही. हा आवाज गरम इंजिनवर येत नाही, म्हणून विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवतो.

टी-जेटचं बघायचं ते असं

अबार्थचं इंजिन मुळात दणकट. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये नाही, तर व्हॉल्वच्या आधी पोर्टमध्ये फवारलं जातं. त्यामुळे टीएसआयच्या इनटेक व्हॉल्ववर कार्बनचा जो थर बसतो तो इथे बसत नाही. पण याला चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे, आणि वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो. रबराचं आयुष्य किलोमीटरइतकंच वर्षांवर मोजायचं. २०१६ ची गाडी ३५ हजारच चालली आहे म्हणून बेल्ट नवा ठरत नाही. बदलल्याचं बिल हातात नसेल तर तो बदलायचाच आहे असं धरा. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप तिन्ही एकत्र बदला. पंप वाचवायला गेलात आणि सहा महिन्यांत तो गळला, तर तीच सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते.

दुसरी जागा म्हणजे बूस्टचे पाइप आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या. इंजिनच्या उष्णतेने त्या कडक होतात आणि जोडाजवळ चिरतात. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटरवर ओढताना ‘फुस्स’ असा आवाज येतो, पिकअप मध्येच सपाट होतो. पाइपच्या जोडांवर बोट फिरवा. तेलाचा हलका ओलावा चालतो, काळा चिकट थर चालत नाही. स्टिअरिंग हायड्रॉलिक असल्यामुळे पंपाचा आवाज, होसचा जोड आणि टाकीतली पातळी बघा. इंजिन माउंटिंग गेलं असेल तर क्लच सोडताना गिअरचा दांडा हातात उडतो.

पार्टचं खरं चित्र असं. सस्पेन्शनचं बरंचसं सामान साध्या पुंटोशी आणि फियाटच्या लिनिआ सेडानशी मिळतंजुळतं आहे, इंजिनचे कित्येक भाग लिनिआ टी-जेटचे चालतात. अडतं ते बंपर, हेडलाइट, अबार्थच्या खास ट्रिम आणि अलॉयवर. म्हणून अबार्थ बघताना इंजिनइतकंच लक्ष बॉडीकडे द्या. फुटलेला बंपर ही इतर गाड्यांत किरकोळ बाब असते, इथे ती महिनोन्‌महिने शोधाशोध असते.

गाडी बघायला जाताना

वेळ सकाळची, उजेड भरपूर, पाऊस नको. ओल्या पत्र्यावर रंगातला फरक दिसत नाही. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ गेल्यावर आधी बोनेटवर आणि मग सायलेन्सरच्या टोकावर हात ठेवा. कोमट लागलं तर सौजन्याने दुसरा दिवस मागा. कारण सांगायची गरज नाही, विकणाऱ्याला ते माहीत असतं.

सुरू करण्याआधी तेलाची डिपस्टिक आणि कूलंटची टाकी बघा. कूलंटमध्ये तेलाचा तवंग, किंवा तेलाच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर जाडसर साचलेला, म्हणजे हेड गॅस्केटची शंका. फक्त छोट्या अंतरांवर चाललेल्या गाडीत थोडा पांढरटपणा पावसाळ्यात येऊ शकतो. टाकीत कंपनीच्या रंगाच्या कूलंटऐवजी गढूळ तांबूस पाणी असेल, तर त्या मालकाने इतर गोष्टींतही हीच काटकसर केली आहे असं समजा.

सुरू केल्यावर एका माणसाला मागे उभं करा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. तो धूर नेमका कधी येतो यावरून जागा कळते. सुरू करताक्षणी फक्त एक भपकारा आला तर व्हॉल्व सील, बराच वेळ रिकाम्या गतीवर ठेवून मग रेस केल्यावर आला तर टर्बोचे सील, चढावर जोर देताना सतत आला तर पिस्टन रिंग. शंका असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सिलिंडरांमधला दाबाचा फरक १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. काही हजार रुपयांचं काम आहे, आणि जो मालक त्याला नाही म्हणतो त्याची गाडी घेऊ नये.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, न लावता टर्बोची गाडी घेऊ नका. साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर निदान कोड तरी दाखवतो. पोलोसाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन, फियाटसाठी मल्टीईसीयूस्कॅन असलेला मेकॅनिक सोबत न्या. तीन गोष्टी बघायच्या. एक, रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या आहेत का. एकही कोड नाही पण अर्धे मॉनिटर अपूर्ण, याचा अर्थ कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती. दोन, मिसफायरची मोजणी, गाडी जोर घेत असताना. प्लग किंवा इग्निशन कॉइल कमकुवत असेल तर इथे आकडा चढतो. तीन, जुन्या कोडच्या नोंदीसोबत साठलेलं किलोमीटर. फोक्सवॅगन-स्कोडामध्ये बिघाड नोंदवताना त्या वेळचं रीडिंगही साठतं. मीटरवर ५२ हजार आणि गिअरबॉक्सच्या एका जुन्या कोडशेजारी ८१ हजार, असं दिसलं की मीटर मागे फिरवल्याचा यापेक्षा भक्कम पुरावा लागत नाही. डीएसजीच्या गाडीत बॅटरी कमकुवत असेल तर खोटे कोडही येतात. म्हणून इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना चौदाच्या आसपास दिसतं का तेही बघा.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र उसनं मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन असतो. आधी छताचं माप घ्या, कारण छत सहसा रंगवलेलं नसतं, आणि त्याच्याशी बाकीच्या पॅनेलची तुलना करा. २५०-३०० म्हणजे पुन्हा रंगवलेलं. ते एखाद्या दरवाजाला असलं तर हरकत नाही, आपल्या पार्किंगमध्ये ते होतंच. ८००-१००० लागलं तर आत लांबी (पुट्टी) भरली आहे. दरवाज्याच्या खांबाला किंवा पुढच्या चेसिसच्या दांड्यांना नवा रंग, वेल्डिंगचा खडबडीत सांधा दिसला तर गाडी कितीही गोड चालत असो, तिथून निघा. यंत्र नसेल तर फेंडरच्या आणि बोनेटच्या बोल्टवरचा रंग बघा, पाना लागलेला लगेच कळतो. काचांवरच्या शिक्क्यांतली वर्षंही जुळवा.

महाराष्ट्रात एक तपासणी वेगळी करावी लागते, पुराची. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि मुंबईच्या तळमजल्यांत तर वरचेवर पाणी शिरतं. अशी गाडी वरून इतकी स्वच्छ धुतलेली असते की आतून शॅम्पूचा वास येतो. त्या वासानेच सावध व्हा. पुढच्या सीटचा बेल्ट ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढा. रोज वापरात न येणाऱ्या त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची फिकट रेघ किंवा डाग राहिलेला असतो, तो धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. मग सीटच्या रुळांचे बोल्ट, पायाशी गालिचा उचलून खालचा फोम, डिकीतल्या स्टेपनीखालचा खड्डा, आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारून वायरींचे कनेक्टर बघा. पिनांवर हिरवट पावडर दिसली की निर्णय झाला. पुराच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स एकदम मरत नाही. दोन वर्षं एकेक मॉड्यूल जात राहतं.

टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर त्या मालकाचा हिशेब कळला. ब्रेक डिस्कच्या कडेवर नखाला लागेल असा उंचवटा असेल तर डिस्क बदलायच्या आल्या.

रस्त्यावर किमान पाऊण तास घ्या. त्यातला एक तुकडा खडबडीत असावा. गाडी २० च्या वेगाने खड्ड्यांतून न्या, काचा खाली, रेडिओ बंद. ‘टकटक’ म्हणजे लिंक रॉड, ‘धप्प’ म्हणजे शॉकअप्सर किंवा वरचं माउंटिंग, ब्रेक लावताना ‘कट्ट’ म्हणजे लोअर आर्मचे बुश. पुण्यात असाल तर दिवे घाट किंवा जुना कात्रज घाट उत्तम. चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये इंजिन ओढून बघा. मॅन्युअल गाडीत चौथ्या गिअरला कमी वेगात पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम चढले आणि वेग चढला नाही तर क्लच घसरतोय. उताराला गिअरमध्येच ॲक्सिलरेटर सोडून उतरा आणि खाली पुन्हा दाबताना आरशात धूर बघा.

रिमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या गाडीविषयी. विकणारा ते कौतुकाने सांगतो, तुम्ही मात्र पहिली गाडी मूळ अवस्थेतलीच शोधा. रिमॅपने टॉर्क वाढतो. तो इंजिनाला सोसला तरी डीक्यू २०० ला सोसेलच असं नाही. ‘परत स्टॉक केली आहे’ हे वाक्यही तेवढंच धोक्याचं, कारण गाडीने जे भोगायचं ते भोगून झालेलं असतं. एअर फिल्टरच्या डब्याचे स्क्रू, इंटरकूलरच्या क्लॅम्पवरचे ओरखडे, सायलेन्सरचं नवं वेल्डिंग, या खुणा राहतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडी तर घेऊच नका. पीयूसीपासून इन्शुरन्सच्या क्लेमपर्यंत सगळीकडे अडचण, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न वेगळाच.

कागद

इन्शुरन्सची चालू पॉलिसी आधी मागा आणि नो क्लेम बोनसचा आकडा बघा. तो २०, २५, ३५, ४५, ५० अशा पायऱ्यांनी चढतो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. सहा वर्षं एकाच मालकाकडे असलेली गाडी, तोंडाने ‘एक ओरखडा नाही’, आणि पॉलिसीवर शून्य, तर गेल्या वर्षी काय झालं ते विचारा. हा बोनस मालकाचा असतो, गाडीसोबत तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे तुमचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल.

आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवा. परिवहनच्या साइटवर चलन थकलंय का आणि हायपोथिकेशन (कर्जाचा बोजा) चढलेलं आहे का ते बघा. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते, आणि त्या एनओसीला मुदत असते. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. त्याच राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. इन्शुरन्स नावावर करून घेण्याची मुदत १४ दिवस. ती चुकली आणि मधल्या काळात गाडी ठोकली, तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसली आहे का तेही बघा.

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा घातली गेली. पण फॉर्म २८ ची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवा नंबर आणि तीन-चार महिन्यांचा वेळ धरला की तो स्वस्तपणा बहुतेक संपतो. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवी नोंदणी करावीच लागते.

सर्व्हिस बुकातले शिक्के पुरेसे नाहीत, बिलं बघा. बिलावर तारीख, किलोमीटर आणि तेलाचा ग्रेड असतो. टीएसआयमध्ये फोक्सवॅगनच्या ५०२ ००च्या मापात बसणारं तेल जायला हवं. बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिस झाली म्हणून गाडी वाईट ठरत नाही. उलट दर ७-८ हजारांना तेल बदललेली बाहेरची बिलं मला कंपनीच्या १५ हजारांच्या अंतरापेक्षा जास्त भरवशाची वाटतात.

विसार देताना कागदावर लिहून घ्या: किती दिला, बाकी किती, नावावर न झाल्यास परत. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेल्या डिलिव्हरी नोटवर दोघांच्या सह्या. त्या मिनिटापर्यंतची चलनं त्याची, पुढची तुमची.

पहिला महिना

घरी आणल्यावर क्रम असा ठेवा. इंजिन ऑइल आणि फिल्टर त्याच आठवड्यात, बिलात कालच बदललं असं लिहिलं असलं तरी. मग ब्रेक फ्लुइड, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि घाट उतरताना तापलं की पॅडल मऊ पडतं. मग कूलंट, प्लग, एअर फिल्टर. अबार्थ असेल तर बेल्टचं काम याच महिन्यात, तोवर ४००० आरपीएमच्या वर नेऊ नका. डीएसजी असेल तर सिग्नलला ब्रेक पूर्ण दाबून थांबायची सवय लावा. ब्रेक पूर्ण दाबला की क्लच मोकळा होतो, अर्धवट दाबला की घासत राहतो. टायर, अलाइनमेंट आणि सस्पेन्शन त्यानंतर. आवाज करणारा सायलेन्सर आणि मोठी चाकं या यादीत नाहीत.

दर रविवारी सकाळी, थंड इंजिनवर, सपाट जागी डिपस्टिक बघा आणि वहीत किलोमीटरसकट लिहा. पहिल्या हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त तेल लागलं तर टर्बोचे सील आणि पिस्टन रिंग तपासून घ्या. तोपर्यंत लांबचा प्रवास काढू नका.